नव्वद ते पंच्याण्णव

७ जानेवारी

लेकीला मुलगी झाली. झाली म्हणायचं, खरं तर काढावी लागली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबलो तर दोघीही हातच्या जातील. सातवा महिना नुकता लागला होता.

मला काचेतून दाखवली. मी विणलेली टोपी पिशवीतच राहिली. ती तिला कमरेपर्यंत आली असती. कातडी इतकी पातळ की आतला जीव दिसेल असं वाटावं. जावईबापू बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चिमूटभर आहे हो, आई." तेव्हापासून चिमूट. खरं नाव नंतर ठेवू. लेक गुंगीतच म्हणाली, "आधी राहू तर दे तिला."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. फुप्फुसं कच्ची आहेत, म्हणून नाकाशी नळी लावून प्राणवायू देतायत. "पण तो औषधासारखा मोजून द्यायचा. कमी पडला तर जिवाला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा अजून तयार व्हायचा असतो. महिन्याने डोळ्यांचे डॉक्टर येऊन तपासतील."

जावईबापूंनी विचारलं, "म्हणजे दिसणारच नाही असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं. म्हणूनच मोजून."

मला काही ते पटलं नाही. हवेने कुणाचे डोळे जातात होय? धुराने जातात, उन्हाने जातात. आधी जीव तगू दे. डोळ्यांचं पुढे बघू.

११ जानेवारी

लेकीला ताप आहे, टाके दुखतायत, तिला वरच्या मजल्यावरून हलवत नाहीत. बाळाच्या खोलीत घरातल्या एकालाच सोडतात. जावईबापूंना कामावर जायलाच हवं, म्हणून मी.

कोपरापर्यंत हात धुवायचे, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, हिरवा झगा चढवायचा. आत काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक यंत्र. चिमूटच्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधली आहे, त्यावरून यंत्राला कळतं म्हणे रक्तात प्राणवायू किती आहे. तो आकडा सारखा हलत असतो. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. पेटीला एक कागद चिकटवला आहे: नव्वद ते पंच्याण्णव. त्याच्या खाली गेलं तरी घंटा वाजते, वर गेलं तरी वाजते.

तो कागद वाचून मला बाबांची आठवण झाली. मी नव्वद गुण मिळवून घरी यायचे तेव्हा बाबा पेपर उलटून बघायचे, जणू मागे काही चिकटून राहिलंय, आणि विचारायचे, "उरलेले दहा कुठे सांडलेस गं?" रागावत कधीच नसत. नुसतं विचारत. शंभर मिळाले तर मिशनच्या शाळेतल्या सिस्टर छातीवर चांदीच्या कागदाचा तारा चिकटवायच्या. तो तारा मी झोपतानासुद्धा काढत नसे. सकाळी उशीवर सापडायचा.

आणि इथे म्हणे नव्वद पुरे!

दोन परिचारिका आलटून पालटून असतात. एकीचं नाव मी मनातल्या मनात कडक ठेवलंय. वयाने बरीच आहे, माझ्याहून थोडीच लहान. ती बोलत नाही, नुसती येते, आकडा बघते आणि खुंटी फिरवून प्राणवायू कमी करते. कुणी पोळीवरचं तूप काढून घ्यावं तसं वाटतं मला. दुसरी हसरी. तरुण आहे, गालाला खळ्या पडतात. मला "आजी" म्हणते आणि बाळांना "काय हो साहेब" म्हणून विचारते.

१५ जानेवारी

आज चिमूट माझ्या छातीवर झोपली.

असं उघड्या अंगाशी धरलं की या बाळांची वाढ चांगली होते म्हणतात. आईनेच धरायचं, पण आईला ताप. हसरीने मला आरामखुर्चीत टेकवलं, नळ्या सांभाळत चिमूटला उचललं आणि माझ्या अंगावर ठेवलं. वजन जाणवलंच नाही. ऊब जाणवली. लेक झाली तेव्हा मी इतकी घाबरलेली होते की तिला असं धरल्याचं मला आठवत नाही. साठीत आल्यावर हे सुख माझ्या वाट्याला यावं!

थोड्या वेळाने आकडा घसरला. सत्त्याऐंशी. घंटा. हसरी धावत आली, खुंटी जराशी फिरवली, आणि आकडा चढायला लागला. त्र्याण्णव, सत्त्याण्णव, नव्याण्णव. मग शंभर. चिमूटची हनुवटी सैल पडली, ओठ गुलाबी झाले. पुन्हा घंटा झाली, या वेळी वरची. हसरीने बटण दाबून ती बंद केली. "ही वरची घंटा ना आजी, दिवसभर डोकं खाते." मग तिने खुंटी परत मागे आणली आणि आकडा त्र्याण्णववर आला.

मी म्हटलं, "राहू दे ना गं शंभरावर."

"मला काय, मी ठेवलं असतं. पण त्या मला फाडून खातील." आणि डोळ्यांनीच तिने कडकच्या टेबलाकडे खूण केली.

वर जाऊन लेकीला सांगितलं, तुझी मुलगी आज शंभरावर होती. लेक चक्क हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

१६ जानेवारी

आज त्र्याण्णवच्या वर गेली नाही. लेकीने विचारलं, "आज किती?" सांगायला जड गेलं.

१९ जानेवारी

मी आज थोडा आगाऊपणा केला. इथे लिहायला हरकत नाही.

हसरी पलीकडच्या पेटीतल्या बाळाशी अडकली होती. चिमूट माझ्या अंगावर, आकडा अठ्ठ्याऐंशी. हाक मारली तर म्हणाली, "आलेच आजी." कुठली येते! खुंटी माझ्या उजव्या हाताशी होती, शेगडीला असते तशीच काळी. तिचा हात कसा फिरतो ते मी बघितलेलं होतंच. चाळीस वर्षं दूध उतू न जाऊ देता तापवलंय मी; मला का जमणार नाही?

जमलं. शंभर. वरची घंटा बंद करायचं बटणही मला माहीत होतं. हसरी येऊन बघते तर सगळं शांत. "शहाणी हो तुमची नात," ती म्हणाली आणि पुढच्या पेटीकडे गेली. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच शंभरावर बसून राहिलो. खिडकीतून ऊन पायांवर आलं होतं. मी तिला शाळेतली प्रार्थना गुणगुणून दाखवली, शब्द अर्धे विसरलेली.

उठताना खुंटी होती तिथे आणून ठेवली. कुणाला उगाच ताप नको.

२४ जानेवारी

आता रोजचंच झालंय. दुपारचं जेवण आटोपलं की मी खाली जाते, चिमूटला घेते, आणि आमची ती वेळ आमची असते. कडकच्या पाळीला करता येत नाही, तिचं लक्ष घारीसारखं. हसरीच्या पाळीला मात्र सोपं जातं. तिच्याकडे इतकी बाळं की बिचारीला मान वर करायला फुरसत नसते.

जावईबापू संध्याकाळी आले. मी आकडे सांगायला लागले तर म्हणाले, "आई, तुम्ही तर तिची सहामाहीच घेताय. पेपर कुठल्या विषयाचा आहे?"

"श्वासाचा," मी म्हटलं.

"मग पास झाली तरी चालेल हो. पहिली यायला नको."

चेष्टेखोर आहेत. पण डोळे सुजलेले होते, रडून आले असावेत.

वजन वाढतंय. माझ्याच शंभरांचा गुण, दुसरं काय.

३१ जानेवारी

लेक पहिल्यांदा खाली आली.

चाकाच्या खुर्चीतून आणली. मी चिमूटला घेऊन बसले होते, म्हणून आज दोघींना आत राहू दिलं. लेकीने नुसतं एक बोट पुढे केलं तर चिमूटने ते धरलं. मग ती इतकी रडली की मला उठून तिला सावरावं लागलं. हसरीने चिमूटला लगेच पेटीत ठेवलं. सगळ्यांचे डोळे भरलेले. त्या गडबडीत मी खुंटी मागे आणायची विसरले, आणि घंटाही बंदच राहिली.

तेवढ्यात पाळी बदलली. कडक आली, आकडा बघितला, खुंटी बघितली, घंटेचं बटण बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने आधी प्राणवायू कमी केला, हळूहळू, आकड्यावरची नजर न काढता. मग हसरीला बाजूला घेतलं. आवाज खालचा होता, पण मला ऐकू आला.

"किती वेळ होतं हे असं?"

"मला नाही माहीत, खरंच. मी मघाशी बघितलं तेव्हा ठीक होतं."

"घंटा कुणी बंद केली?"

"मी पूर्वी करायचे बंद. पण आज नाही केली. मी वाढवला असेल तेव्हा प्रत्येक वेळी खाली आणलाय, शप्पथ."

"शपथा घालू नकोस. डोळे आहेत ते कुणाच्या तरी लेकराचे."

मी सांगणारच होते. पण लेक माझा हात धरून उभी राहायला बघत होती, आणि तिच्यासमोर कशाला, असं वाटलं. एवढ्याशा गोष्टीचं किती अवडंबर करावं माणसाने! आमच्या गणिताच्या सिस्टरही अशाच होत्या. समासात शाईचा ठिपका पडला तरी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या.

२ फेब्रुवारी

हसरीला दुसऱ्या विभागात पाठवलं. जाताना चिमूटला "येते हो साहेब" म्हणाली. खळ्या दिसल्या नाहीत. फार वाईट वाटलं. तिच्यासाठी एक टोपी विणायला घेतली आहे.

खुंटीवर आता प्लास्टिकचं झाकण बसवलंय.

९ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले. आम्हाला बाहेर बसवलं होतं. आतून चिमूटचं रडणं ऐकू येत होतं. इतक्या छोट्या गळ्यात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं.

ते बाहेर आले आणि खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसले. डॉक्टर बसून बोलायला लागला की समजावं. म्हणाले, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायच्या आधीच थांबल्या आणि मग वेड्यावाकड्या फुटल्या. दोन्ही डोळ्यांत. लेझरने जाळाव्या लागतील, उद्याच. नाहीतर पडदा ओढला जाऊन सुटेल.

"आणि लेझर केल्यावर?" जावईबापूंनी विचारलं.

"वाचवायचा प्रयत्न करू. उजवा फार पुढे गेलाय."

डॉक्टरीणबाई कपाळावर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं वाढायला नको होतं. प्राणवायू आपण मोजूनच देत होतो." आणि त्यांनी कडककडे बघितलं. कडकने मान खाली घातली. दुसऱ्याचा दोष असतानाही मान हिने का खाली घालावी, मला कळलं नाही.

घरी परतताना गाडीत लेक म्हणाली, "माझ्या पोटातच तिला धड राहता आलं नाही गं आई. मीच तिला अर्धवट बाहेर काढलं." जावईबापू गाडी चालवता चालवता म्हणाले, "असं बोलू नकोस." मीही म्हटलं, "असं बोलू नये."

१० फेब्रुवारी

लेझर झालं. डोळे सुजून बंद आहेत. चिमूट दिवसभर निजून होती. आकडा ब्याण्णव. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

दवाखान्याच्या आवारात बाकावर कडक डबा खात बसलेली दिसली. मी शेजारी जाऊन बसले. ती सरकली आणि मला जागा दिली. तिच्याशी असं कधी बोलले नव्हते.

मी विचारलं, "हवेने डोळे जातात, ते कसं हो?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "पोटात बाळाला प्राणवायू कमीच असतो, आजी. त्या कमीपणातच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या हळूहळू वाढत जातात, कडेपर्यंत. बाहेर आल्यावर एकदम भरपूर मिळाला की त्यांना वाटतं, आता आपली गरज नाही. थांबतात. मग पडदा उपाशी राहतो, आणि उपाशी राहिला की मिळेल तशा, नको तिथे फुटतात."

"म्हणजे कमी असतं तेच बरोबर?"

"या बाळांना, हो. थोडं कमी. म्हणून तर मी सारखी खुंटी मागे करायचे. तुम्हाला आवडायचं नाही, माहीत आहे मला."

मग ती समोरच्या झाडाकडे बघू लागली. म्हणाली, "ती पोरगी अजून रडते. म्हणते, मी प्रत्येक वेळी खाली आणला होता. मी तिला बोलू नये ते बोलले. पण खोटं बोलणाऱ्यातली नाही हो ती. तेच मला कळत नाही."

ऊन फार होतं. आतून कुणीतरी तिला हाक मारली.

हसरीची टोपी पूर्ण झाली आहे. देईन कधीतरी.

३ मार्च

विणताना टाका सुटला की कितीतरी ओळी पुढे गेल्यावर ध्यानात येतं. शाळेत सिस्टर सांगायच्या, उसवा आणि मागे जा. मी आज स्वेटरचा अख्खा मागचा भाग उसवला. लेक म्हणाली, "छान तर होता की, काय चुकलं होतं?"

२१ मार्च

चिमूट घरी आली. नळी नाही, यंत्र नाही, घंटा नाही. घर इतकं शांत की आम्ही तिघे उठून उठून तिचा श्वास बघतो. जावईबापूंनी दारावर कागद चिकटवलाय: "हात धुवा. पाहुण्यांनीही. सासूबाईंनीही." मी हसले. लेक हसली नाही.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करतील, पण आशा फार धरू नका म्हणतात. डाव्याचं सांगता येत नाही.

३० एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. उजवा गेला.

२ मे

हसरी दिसली, औषधांच्या दुकानात. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं. टोपी पिशवीतच होती. ती वळली, मला बघितलं, आणि जवळ येऊन म्हणाली, "आजी, कशी आहे हो आमची साहेब?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"डोळे?"

"बघतायत डॉक्टर."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मला माफ करा." भर दुकानात. लोक बघायला लागले. मी म्हटलं, "असू दे गं, असू दे." असं म्हणून मी निघाले. पायरीवर आले तेव्हा लक्षात आलं, औषध घ्यायचं राहिलं. परत आत गेले नाही. टोपीही द्यायची राहिली.

बाबांच्या त्या प्रश्नाला मी लहानपणी एकदाच उत्तर दिलं होतं. उरलेले दहा कुठे सांडलेस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "शेजारच्या मुलीने धक्का दिला." तिने नव्हता दिला. आज का आठवलं कोण जाणे.

१४ जून

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी बघा. उजेड असलेल्या खोलीत, आवाज न करता. बोललात तर ती आवाजाकडे वळेल आणि तुम्हाला वाटेल दिसतंय. लेकीला धीर होत नव्हता. सकाळी म्हणाली, "आई, तू बघतेस? मी दारात उभी राहते."

चिमूटला खिडकीसमोर उशीला टेकवलं. अंगाने भरली आहे आता, मनगटाला वळ्या पडतात. मी लाल लोकरीचा गुंडा घेतला आणि तोंड घट्ट मिटून तिच्यासमोर बसले. गुंडा डावीकडे नेला. ती नाकासमोरच बघत होती. उजवीकडे नेला. जवळ आणला, अगदी वीतभर. दूर नेला. मग गुंडा ठेवून माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर धरला. माझ्या श्वासाचं वारं लागलं असावं, ती हसली. पण माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघून हसली.

मग मी पडदा सरकवला आणि खिडकी पूर्ण उघडली. तिने डोळे मिचकावले, आणि डावा डोळा सावकाश, फार सावकाश, उजेडाकडे वळला.

"उजेड कळतो तिला," मी म्हटलं. चिमूटने चटकन माझ्याकडे मान फिरवली.

"आणि लोकर?" लेक दारातूनच म्हणाली.

"नाही."

"तुझा चेहरा?"

"नाही गं."

लेक आत येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. "डाव्याने किती दिसत असेल? म्हणजे, शंभरातलं किती?"

"आकड्यात नको विचारूस."

"तूच तर आकडे सांगायचीस मला," ती म्हणाली. "आज नव्याण्णव, आज शंभर. वर पडून असायचे ना मी, तेव्हा तुझ्या त्या शंभरावर जगले आई मी. तू नसतीस तर..." आणि तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. लहानपणी शाळेतून आल्यावर ठेवायची तसं.

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. आमचा आवाज थांबला तशी चिमूट बावरली. मान इकडून तिकडे वळवू लागली, हात पुढे करून चाचपू लागली, ओठ काढले. आम्ही दोघी तिच्यासमोर हातभर अंतरावर होतो. आता कुणीतरी बोलायला हवं होतं.